तीन हाकांवरची काठी

तानूबाई कांबळे वारल्या त्याच्या दहाव्या दिवशी त्यांची दोन नातवंडं त्यांची काठी शोधायला सह्याद्रीच्या माथ्यावर निघाली. फेब्रुवारी २००४, शुक्रवारची सकाळ. हातात दोनच दिवस होते. रविवारी विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता, आणि आजीची काठी तिथं काचेच्या पेटीत ठेवून सगळ्यांना दाखवणार, असं थोरल्या प्रसेनजीतनं अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलं होतं. प्रसेनजीत शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत पॅटर्नमेकर. लाकडाचा माणूस. पेटी त्यानं स्वतःच्या हातानं सागवानाची केली, काच बसवली, आत निळं मखमल लावलं. काठी मात्र अजून कुणी डोळ्यांनीसुद्धा पाहिली नव्हती! बाजारात तुरी म्हणतात ते हेच.

काठीची गोष्ट अशी. तानूबाईंचे वडील गावचे तराळ. सांगावे, दवंडी, मेल्याची खबर, सरकारी टपाल, सगळं पायी पोचवायचं त्यांच्याकडं. हातात तिवस लाकडाची, पुरुषापेक्षा वीतभर उंच, घुंगरं लावलेली काठी. बाप पायानं अधू झाल्यावर ती पोरीच्या हातात आली. बेचाळीसच्या धामधुमीत हीच पोर भूमिगतांच्या चिठ्ठ्या घाटाखाली पोचवत होती, आणि तराळाच्या पोरीला हटकायचं कुणाला सुचत नव्हतं. पुढं तीच काठी टेकत ती बाळंतपणं करत फिरली. छपन्न साली धम्म घेतला तेव्हा वस्तीनं तराळकीच्या काठ्या जाळल्या. तानूबाईंनी घुंगरं तेवढी नदीत टाकली. काठीला करंजाचं तेल चोळलं, घोंगड्यात गुंडाळली आणि एकटीनं जाऊन एका कपारीत ठेवून आल्या. का म्हणून विचारलं की म्हणायच्या, “जाळायची न्हाय, बाळगायचीबी न्हाय. मग करायचं काय, ते मला अजून सुचलं न्हाय.”

ते सुचलं नाही म्हणून बाकी काही अडलं नाही. चाळिशी उलटल्यावर त्या गाडी शिकल्या. लिलावातली मिलिटरीची जुनी जीप घेऊन राधानगरी रस्त्यावर वडाप, म्हणजे सीटभाड्याची वाहतूक, सुरू केली. बाई जीप चालवते म्हणून निम्मे पॅसेंजर नुसते बघायला बसायचे! एकाहत्तराव्या वर्षी सातवी पास झाल्या आणि पेढे स्वतःच वाटले. शहाऐंशीव्या वर्षी, कुणाला त्रास न देता, झोपेत गेल्या.

त्या दिवसापासून धाकट्या शिवानीचं काहीतरी बिघडलं होतं. वय अठ्ठावीस, शाहूपुरीतल्या एका वकिलाच्या ऑफिसात टायपिस्ट, आजीच्या अंथरुणाला अंथरूण लावून वाढलेली. सगळी गल्ली रडली, ही रडली नाही. दाताच्या डॉक्टरनं भूल दिली की गाल जसा आपला वाटत नाही, तसं तिला सगळं अंगच आपलं वाटत नव्हतं. चहा प्यायली तरी तो गोड होता की नाही हे तिला सांगता आलं नसतं. प्रसेनजीत “चल” म्हणाला, ती जीपमध्ये बसली. तिला नेणं भागच होतं, कारण कपारीचा पत्ता आजीनं एकट्या तिलाच सांगितला होता.

जीप संयोगिताची. शेतकरी घरातली, गिर्यारोहणाचं वेड असलेली शिवानीची मैत्रीण. शहाण्णव साली तिला गाडी शिकवली ती अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या तानूबाईंनीच. “क्लच पायानं न्हाय, ढुंगणानं कळतो!” हा तिचा पहिला धडा. संयोगितानं दोर घेतला होता, पाणी घेतलं होतं, आणि वाटेत सारखं बोलून शिवानीला बोलतं करायचा प्रयत्न चालवला होता. व्यर्थ.

ओढ्यापाशी रस्ता संपला. पलीकडं अर्ध्या कोसावर धनगरवाडा, आणि त्याच्याही वर सडा, म्हणजे माथ्यावरचं उघड्या कातळाचं पठार. वाड्यावरून त्यांनी गुंडू धनगराला वाट दाखवायला घेतलं. साठीचा गडी, खांद्यावर घोंगडी, हातात काठी, कमरेला कोयता.

“कशाला निघालासा म्हणायचं, पावणं?” त्यानं विचारलं.

“जागा बघायला,” प्रसेनजीत तुटकपणे म्हणाला. काठीचं नाव त्यानं काढलं नाही. विहारात, आपल्या माणसांत दाखवायची ती गोष्ट वेगळी. परक्या माणसापुढं तराळकीचं नाव घ्यायला त्याची जीभ रेटत नव्हती. गुंडूनं एकदा त्याच्याकडं बघितलं आणि पुढं चालू लागला.

तासाभरात ते सड्यावर आले. समोर पश्चिमेकडं एकदम तुटलेला कडा, खाली धुक्यात बुडालेलं कोकण, कड्यावर माणसाच्या उंचीची वाळलेली कारवी. मधोमध तो उभा धोंडा होता, आजीनं सांगितल्यासारखाच.

“काय म्हणालीती आजी? नीट सांग,” प्रसेनजीत म्हणाला.

“उभ्या धोंड्यापासनं कडा उजव्या हाताला धरून तीन हाका जायचं. तिथं घळ. घळीत उतरलं की उजव्या अंगाला कपार.” शिवानीनं पाठ केलेला धडा म्हणावा तसं सांगितलं.

जुन्या माणसांचं अंतर हे असंच. एका जागी उभं राहून मारलेली हाक जिथवर ऐकू येते, ती एक हाक. प्रसेनजीतनं धोंड्यावर चढून “ओऽऽऽ” सुरू केलं, आणि संयोगिता कड्यानं चालत गेली. ऐकू येईनासं झालं तिथं तिनं रुमाल हलवला. एक हाक! सगळे तिथवर गेले. प्रसेनजीतनं पुन्हा गळा काढला.

दुसरी हाक अर्ध्यावरच थांबली. कारवी हलली. काडकाड मोडली. आणि काळंभोर, खांद्याएवढं उंच धूड बाहेर आलं! गवा! एकटा नर!

“हलू नगासा!” गुंडू दबक्या आवाजात बोलला. “डोळ्यांत बघू नगासा!”

गव्यानं फुरफुर केली. खूर आपटला. दहा पावलं. आठ! संयोगितानं श्वास कोंडला.  आणि शिवानी? ती गव्याच्या पायांकडं बघत होती. गुडघ्यापर्यंत पांढरे पाय, मोजे घातल्यासारखे. तिला भीती वाटली नाही. काहीच वाटलं नाही. गवा वळला आणि कारवीत घुसला, तेव्हा बाकीचे घाम पुसत मटकन बसले. आपल्याला घामसुद्धा आलेला नाही हे शिवानीच्या ध्यानात आलं, आणि ते काही तिला बरं वाटलं नाही.

तिसरी हाक प्रसेनजीतनं जरा बेतानंच मारली! ती संपली तिथं खरोखरच एक घळ होती. दगडगोट्यांची, उभी, अरुंद. “सापडली!” तो ओरडला. दोर बांधून ते उतरले. अर्धा तास गेला, तास गेला. उजव्या अंगाला नुसता गुळगुळीत कातळ. कपार नाही. खाली कोरडा धबधबा.

“दादा, बास कर. हितं न्हाय ती,” शिवानी म्हणाली.

“अजून खाली असंल. कोयता द्या हो जरा.”

गुंडूचा कोयता घेऊन तो कारवी तोडत धबधब्याच्या तोंडाशी गेला. एका दगडावर पाय ठेवला. दगड हलला! “धरा!” गुंडूनं आपली काठी पुढं केली. प्रसेनजीतनं ती पकडली. कडाड! काठीचे दोन तुकडे! तो पंधरा फूट खाली आदळला. कोयता खणखणत त्याच्याही खालच्या दरीत गेला.

दोरावरून सगळे खाली पोचले. प्रसेनजीत शुद्धीवर होता, पण डाव्या पायाचं पाऊल भलतीकडं वळलं होतं. नडगी मोडली होती. संयोगितानं कारवीच्या काटक्यांची जुडी करून पाय ओढणीनं बांधला. पाठुंगळी घेऊन बघितलं तर तो किंचाळला आणि बेशुद्ध पडला. बारा वाजून गेले होते.

“वाड्यावरनं माणसं आणायची का?” संयोगितानं विचारलं.

“बापई कुठं हायती वाड्यावर? सगळी ऊसतोडीला गेल्यात. तिकडं जाऊन येऊस्तवर दिस बुडंल, आन् दिस बुडल्यावर ह्या घळीत माणूस ठेवायचं न्हाय.” गुंडू डोकं खाजवत होता. “घोंगड्याची झोळी करू. आजारी माणूस आमी झोळीतनंच न्हेतो. पर झोळीला दांडा पायजे. कारवी पेलायची न्हाय. दुसरं काय तोडावं तर कोयता गेला, वाड्यावरलं बाकीचं कोयतं ऊसतोडीला गेल्यात. धडधाकट, सरळ लाकूड आणायचं कुठनं?”

शिवानीनं भावाकडं बघितलं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. मग ती गुंडूकडं वळली आणि सगळं सांगून टाकलं. तराळकी, काठी, कपार, तीन हाका.

“तानूबाय?” गुंडूनं डोळे विस्फारले. “राधानगरी वडापवाली तानूबाय? अवं, मला तिनं काढलाय आईच्या पोटातनं! चव्वेचाळीस सालाला, अडलो हुतो मी. आई मरंपतूर सांगायची.” मग त्याचा आवाज खाली आला. “बाळंतपण उरकून ती गेल्यावर, इटाळ झाला म्हणून, घर सारवून काढलं आमच्यात. तेबी आई सांगायची. खोटं कशाला बोलू?”

संयोगिता दुसरीकडं बघू लागली. 

“आन् हाका कुणी मोजल्या?” गुंडूनं विचारलं. “ह्या दादांनी? तानूबायची हाक म्हंजे काय वाटली तुमास्नी! दवंडी दिलेला गळा तो! ती धोंड्यावरनं हाक द्यायची, आन् हिकडं आमच्या वाड्यावरली कुत्री उठायची. तुमची हाक म्हंजे शेळीचं खोकणं! आधी बोलला असतासा तर...”

धोंड्यापासून वाडा, ही आजीची एक हाक. प्रसेनजीतच्या हाकेच्या दुप्पट, अडीचपट. शिवानीनं मनात हिशेब मांडला. “ह्याच्यापुढं किती घळी?”

“तीन. शेवटच्या घळीत कपार हाय. पर तितं आमी जात न्हाय. अस्वल ऱ्हातंय.”

“बघितलंय?”

“बघायला कोण थांबतंय?”

संयोगिता प्रसेनजीतपाशी थांबली. शिवानी आणि गुंडू वर चढले आणि कड्यानं पळत सुटले. पहिली घळ. दुसरी. तिसरी! ही जास्त रुंद होती, झाडीनं भरलेली, आणि पन्नास हात उतरल्यावर उजव्या अंगाला काळी कपार. तोंड कमरेइतकंच. आतून उग्र वास येत होता.

“मी म्हातारा आत मावायचा न्हाय,” गुंडू घाईनं म्हणाला. मावला असता तो. पण चाळीस वर्षांची भीती एका दुपारी कुठून जाणार?

शिवानी गुडघ्यांवर बसली आणि आत घुसली. अंधार. हाताखाली हाडकं. टॉर्च लावला. कोपऱ्यात काहीतरी सळसळलं! मागं सरायला जागा नाही. सळसळ वाढली. खर्र! खर्र! ती पालथी पडली, डोकं दोन्ही हातांत धरलं. तिच्या अंगाला घासून काहीतरी भर्रकन बाहेर गेलं. बाहेरून गुंडूची किंकाळी, आणि लगेच त्याचं मोठ्यानं हसणं.

“साळिंदर हाय गा! साळिंदर! चाळीस वरसं ह्याला भ्यालो मी!”

शिवानीच्या दंडात दोन काटे रुतले होते. तिनं ते उपटले आणि टॉर्च फिरवला. खाली सगळं कुरतडलेलं, चावलेलं. पण वर, छताच्या चिरेत, हात पुरेल न पुरेल अशा उंचीवर, घोंगड्याची एक गुंडाळी होती. साळिंदर लाकूड खातं हे आजीला माहीत होतं. घोंगडं हात लावताच भुगा होऊन खाली पडलं. आत काठी. काळी, गुळगुळीत, सरळ. खाली टोकाला बसवलेलं लोखंडी कडं, वसू. मुठीजवळ तेवढा भाग झिजून बारीक झालेला.

ही खरी वेळ होती रडायची. शिवानी वाट बघत थांबली. काही आलं नाही. मग ती काठी पुढं ढकलत बाहेर आली.

घोंगडीची झोळी झाली, दोर आवळला, आणि प्रसेनजीत आत गेला. तो शुद्धीवर आला होता. डोक्यावर आडवी काठी त्यानं बघितली, हात वर करून तिच्यावर बोट फिरवलं. “तिवस,” तो पुटपुटला. “अठ्ठेचाळीस वर्षं, आणि एक चीर न्हाय!” आणि मग, “शिवा, जपून. मोडू नको. पेटीत ठेवायचीय.”

“तू गप पड,” संयोगिता म्हणाली.

ती चढण आयुष्यभर विसरण्यासारखी नव्हती. दोघांनी दांडा खांद्यावर घ्यायचा, तिसऱ्यानं वरून दोर ओढायचा. दहा पावलं, थांबा. दहा पावलं, थांबा. एकदा गुंडू घसरला, झोळी कातळावर आपटली, प्रसेनजीत ओरडला. काठी वाकली. वाकली, आणि पुन्हा सरळ झाली! “उचला!” दहा पावलं. घामानं डोळे भरले. “उचला!” शिवानीनं एकदाही खांदा बदलला नाही. संयोगिता म्हणाली बदल, तरी नाही. तिला खांदा आहे हेच जाणवत नव्हतं. साडेचारला ते सड्यावर आले तेव्हा तिच्या ड्रेसच्या खांद्यावर रक्ताचा डाग पडला होता, आणि तो तिला गुंडूनं दाखवला.

वाड्यावर पोचले तेव्हा सूर्य कड्याला टेकला होता. गुंडूची बायको बायडाबाई पळत आली, दूध पाजलं, आणि एका शब्दानं न विचारता दांड्याचं एक टोक स्वतःच्या खांद्यावर घेतलं. ओढ्यापर्यंत तिनंच वाहिलं. जीपपाशी झोळी उतरवल्यावर ती काठीवरून हात फिरवत राहिली.

“कसलं लाकूड म्हणायचं हे!” ती म्हणाली. “गेल्या पावसाळ्यात आमच्या सुनंला न्हेतानी ह्याच ओढ्यात झोळीचा बांबू मोडला. मी म्होरं हुतो. सून वाचली. पोर न्हाय वाचलं.”

 काठी कुणी मागितली नाही. गुंडू घोंगडीची माती झटकत राहिला. संयोगितानं प्रसेनजीतला मागच्या सीटवर आडवं केलं.

“शिवा, काठी आत घे,” तो म्हणाला.

शिवानी काठी धरून तशीच उभी होती. “काठी हितंच राहील,” ती म्हणाली.

“काय?” पायाचं दुखणं विसरून तो कोपरावर उठला. “येड लागलंय काय तुला? ह्यांना? आजीनं ह्यांची पोरं काढली आणि ह्यांनी घर सारवून काढलं! डोळं मिटलं होतं म्हणून मला ऐकू येत नव्हतं वाटलं? घळीत सांगालता की म्हातारा!”

  बायडाबाईच पुढं झाली.

“व्हय, सारवलं. माझ्या आजेसासूनं सारवलं. मी आलो नव्हतो तवा लगीन हून, पर खरं हाय ते. न्ह्या, दादा, काठी तुमची हाय. मागायला आमाला तोंड न्हाय.”

आणि शिवानीला राग आला. दहा दिवसांत पहिल्यांदा काहीतरी आलं, आणि आलं ते हे! घर सारवणाऱ्या त्या मेलेल्या म्हातारीचा राग, पेटी करणाऱ्या भावाचा राग, रस्ता न करणाऱ्या सरकारचा राग. आणि सगळ्यांत जास्त आजीचा. स्वतःला सुचलं नाही म्हणून काठी ठेवली कपारीत आणि पत्ता दिला नातीला! तिचे कान तापले. 

“देते,” ती जवळजवळ ओरडली. “पण ऐका. ही कुणाच्या दारात आपटायची न्हाय. देव्हाऱ्यात ठेवायची न्हाय. हळदकुंकू लावायचं न्हाय. माणूस अडलं की उचलायची. आणि झोळीत कोण हाय, कुठल्या जातीचं हाय, इचारायचं न्हाय. मान्य हाय?”

“मान्य हाय,” बायडाबाई म्हणाली. तिनं दोन्ही हात पुढं केले. शिवानीनं काठी तिच्या हातांवर ठेवली, आणि बोटं सोडायला तिला थोडा वेळ लागला.

ती प्रसेनजीतच्या डोक्याशी येऊन बसली. संयोगितानं जीप सुरू केली.

“अन् रविवारी लोकांना काय सांगू?” प्रसेनजीत छताकडं बघत म्हणाला. “सगळी येणार. काठी कुठाय म्हणतील.”

“सांग, कामावर गेलीय.”

 जीप खड्ड्यात आदळली. शिवानीचा खांदा ठणकला, पहिल्यांदाच. सोललेल्या कातडीला ड्रेस चिकटला होता.

“दुखतंय,” ती म्हणाली. “दादा, लई दुखतंय.”

आणि मग तिला रडू आलं. राधानगरी येईपर्यंत ती रडत होती, आणि तिला गप्प बस असं कुणी म्हटलं नाही.